गाव सापडले की घराणे सापडते

पोलंड सोडून गेलेल्या शेतकरी कुटुंबांची पतवंडे आपली मुळे कशी शोधतात, त्याची ही हकिगत

अमेरिकेत आज ऐंशी-नव्वद लाख माणसे आपले मूळ पोलंडमध्ये आहे असे सांगतात. त्यांतल्या पुष्कळांचे पणजे-खापरपणजे शेतकरी होते. कोणाची चार-पाच एकर जमीन होती, कोणी दुसऱ्याच्या शेतावर राबत होता. ही माणसे आगबोटीत बसून अमेरिकेला गेली, कोळशाच्या खाणीत उतरली, पोलादाच्या भट्टीपुढे उभी राहिली आणि तिकडच्याच मातीत विसावली. आता त्यांची पतवंडे विचारू लागली आहेत : आपण मूळचे कुठले? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारले तर उत्तर मिळते, "पोलंडचे." पण पोलंड हा झाला देश. गाव कोणते म्हटले, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आपल्याला याचे नवल वाटेल. मुंबईच्या गिरणीत उभा जन्म गेलेल्या माणसाच्या नातवालाही आपल्याकडे गाव, कुळदैवत आणि भावकी ठाऊक असते. कोल्हापूर-सोलापूरकडे बैल घेऊन येणारा हेळवी पिढ्यांची नावे म्हणून दाखवतो. त्र्यंबकेश्वरी गेले तर तीर्थोपाध्याय वही उघडून आजोबांच्या हातची नोंद काढून देतात. पोलंडच्या शेतकऱ्याजवळ यातले काही नव्हते. त्याची वंशावळ चर्चच्या वहीत लिहिलेली असे आणि ती वही त्या चर्चखालच्या गावांपुरतीच असे. म्हणून गावाचे नाव विसरले की वही हाती लागत नाही, आणि वही नाही तर मागची पिढी सापडत नाही. या साऱ्या शोधाचे मर्म एवढेच आहे : आडनावाच्या मागे धावू नये, आधी गाव शोधावे.

भाकरीसाठी

पोलंड हे एके काळचे मोठे राज्य. पण १७७२, १७९३ आणि १७९५ असे तीन वेळा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी त्याचे लचके तोडले. तिसऱ्या वेळी ते नकाशावरून पुसलेच गेले. पोलंड पुन्हा उभा राहिला १९१८ मध्ये. मधल्या सव्वाशे वर्षांत पोलिश शेतकरी तीन सरकारांची रयत होता. भाषा एक, धर्म एक, पण कोणाचे कागद जर्मनमध्ये, कोणाचे रशियनमध्ये, तर कोणाचे लॅटिनमध्ये.

याच काळात जमीनदाराची वेठ सुटली. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशिया प्रांतात ती १८४८ मध्ये संपली, रशियाच्या ताब्यातल्या भागात १८६४ मध्ये. जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली खरी, पण पुढे जे व्हायचे तेच झाले. बापाच्या जमिनीच्या मुलांत वाटण्या झाल्या, मुलांच्या नातवांत झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी गॅलिशियातली बहुतेक शेते पाच हेक्टरांच्या, म्हणजे साडेबारा एकरांच्या आतली होती. आणि तीही एका जागी नव्हेत, अरुंद पट्ट्यापट्ट्यांनी शिवारभर विखुरलेली. एवढ्यावर आठ-दहा तोंडे कशी जगणार?

मग माणसे बाहेर पडली. या बाहेर पडण्याला पोलिश लोकांनीच नाव दिले, 'झा ख्लेबेम', म्हणजे भाकरीसाठी. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटेपर्यंत सुमारे वीस लाख पोलिश माणसे अमेरिकेला गेली. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणी, पिट्सबर्गचे पोलाद, शिकागोचे कत्तलखाने, पुढे डेट्रॉइटच्या मोटारी, अशी कामे त्यांनी धरली. पुष्कळांचा बेत कायमचे राहण्याचा नव्हताच. चार-पाच वर्षे राबायचे, डॉलर साठवायचे, गावी येऊन थोडी जमीन घ्यायची आणि चारचौघांत मानाने राहायचे, हा हिशोब. बरेच जण तसे परतलेही. बाकीचे आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता राहून गेले. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेने आपले दार अगदी किलकिले केले. मग गावचे नवे कोणी येईना आणि जुन्यांची गावाशी असलेली ओढ एकेका पिढीने सैल होत गेली.

आधी घर धुंडाळावे

या कामातली जाणती माणसे पहिला सल्ला देतात तो घरच्या ट्रंकेचा. सरकारी दप्तराकडे नंतर वळावे. आधी आजीचे प्रार्थनेचे पुस्तक पाहावे, कारण पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यूच्या तारखा लिहून ठेवण्याची पद्धत होती. फोटोच्या मागची बाजू पाहावी, कारण तिथे फोटोग्राफरचा आणि त्याच्या शहराचा शिक्का असतो. माणूस त्या शहराच्या आसपासचा असणार, एवढे तरी त्यावरून कळते. जुनी पाकिटे फेकू नयेत, टपालाच्या शिक्क्यात गाव दडलेले असते. स्मशानात जाऊन थडगी वाचावीत. परदेशात मेलेल्या कित्येकांनी आपल्या दगडावर जन्मगावाचे नाव कोरून घेतले आहे.

त्यानंतर वळावे ते अमेरिकेतल्या पोलिश चर्चकडे. ही माणसे जिथे गेली तिथे त्यांनी पोटाला चिमटा काढून चर्च उभी केली. शिकागोचे सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका चर्च १८६७ पासूनचे आहे. तिथला पाद्री पोलिश असे. अमेरिकन कारकुनाला जे गाव ऐकूही येत नसे, ते पाद्री नीट लिही, कारण ते त्याच्या बोलीतले होते. लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी मूळचे कोणत्या धर्मग्रामातले, हे पुष्कळदा सापडते.

तिसरी जागा मंडळांची. खाणीत माणूस दगावला तर त्याच्या बायकोला चार पैसे मिळावेत म्हणून या लोकांनी आपापसांत वर्गणीची मंडळे काढली होती. त्यांतली दोन मोठी, पोलिश रोमन कॅथॉलिक युनियन १८७३ ची आणि पोलिश नॅशनल अलायन्स १८८० ची. विम्याच्या अर्जावर वय, वारस आणि कधीकधी जन्मस्थळ लिहिलेले असते.

बोटीची यादी

सरकारी कागदांत सगळ्यांत मोलाची ती बोटीवरच्या उतारूंची यादी. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरचे तपासणीचे ठाणे १ जानेवारी १८९२ ला उघडले आणि १९५४ मध्ये बंद झाले. या काळात एक कोटी वीस लाखांवर माणसे त्यातून गेली. डॉक्टर डोळ्यांच्या पापण्या उलटून खुपऱ्या आहेत का ते पाहत. संशय आला की अंगावरच्या कपड्यावर खडूने खूण करीत. खुपऱ्या निघाल्या तर माणसाला परत पाठवीत, मग बायको-मुले पुढे गेलेली असोत की मागे राहिलेली.

यादीत नाव, वय, धंदा, शेवटचा मुक्काम आणि जवळचे पैसे लिहीत. १९०७ पासूनच्या याद्या तर फारच उपयोगी, कारण त्यांत जन्मस्थळ आहे आणि मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव-पत्ताही आहे. 'बाप अमुक, गाव तमुक' अशी एक ओळ सापडली, की पन्नास वर्षे अडलेले काम एका दिवसात सुटते.

पण हे सगळ्यांच्या नशिबी नसते. पोलिश माणसे मुख्यतः जर्मनीच्या हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन या बंदरांतून निघत. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्या टिकल्या. ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या, काही जागा नाही म्हणून तिथल्याच कचेरीने मोडीत काढल्या आणि उरलेल्या महायुद्धात गेल्या. एलिस बेटावरची लाकडी इमारत १५ जून १८९७ ला जळाली, तिच्यात आधीचे पुष्कळ दप्तर गेले. अमेरिकेची दर दहा वर्षांची खानेसुमारी बहात्तर वर्षांनी लोकांना खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. पण १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत सापडले. शोध घेणाऱ्याला ही भगदाडे ठाऊक असावी लागतात. नाहीतर नोंद मिळाली नाही म्हणून माणूसच नव्हता, असे समजून तो हताश होतो.

खानेसुमारीत आणखी एक चकवा आहे. त्या काळी पोलंड हे राज्यच नव्हते. म्हणून एकाच गावाकडचे दोघे भाऊ एका कागदावर 'ऑस्ट्रिया' आणि दुसऱ्यावर 'पोलंड' असे दिसतात. दुसरा कोणी 'रशिया' म्हणून लिहिलेला असतो, तर तिसरा 'जर्मनी'. आपले पणजोबा रशियन होते असे समजणारी कित्येक घरे प्रत्यक्षात पोलिश निघाली आहेत.

नाव कोणी बदलले?

"एलिस बेटावरच्या साहेबाने आमचे आडनाव बदलले," ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. ती खरी नाही. बेटावरचे अधिकारी नावे लिहीत नसत, बोटीबरोबर आलेल्या यादीवरून तपासत. यादी निघण्याच्या बंदरात तयार होई. शिवाय बेटावर दुभाषे होते. नाव बदलले ते पुढे, हळूहळू. कारखान्याच्या मुकादमाला उच्चारता येईना म्हणून, शाळेत पोरे हसतात म्हणून, नोकरी मिळत नाही म्हणून.

पाळण्यातली नावेही बदलली. स्तानिस्वावचा स्टॅन्ली झाला, व्वादिस्वावचा वॉल्टर झाला, यानचा जॉन झाला. वॉइचेख या नावाची तर मोठी मौज. लॅटिन वहीत तो आदाल्बेर्तुस, अमेरिकेत आल्बर्ट, आणि माणूस एकच. शोधणाऱ्याला हे कोष्टक पाठ असावे लागते.

आडनावांचेही तसेच. 'कोवाल' म्हणजे लोहार, त्यावरून कोवाल्स्की. बायकोचे किंवा मुलीचे आडनाव 'स्का' या अक्षराने संपते, कोवाल्स्का. अमेरिकेत कारकुनांनी नवरा-बायकोला दोन वेगळी आडनावे म्हणूनही कधी लिहून ठेवले. आडनाव 'स्की'ने संपते म्हणजे आपण सरदार घराण्यातले, असेही कित्येकांना वाटते आणि त्यांना भिंतीवर लावायला ढाल-तलवारीचे रंगीत चित्र विकणारेही भेटतात. अशा चित्राला पैसे घालू नयेत, हा जाणत्यांचा दुसरा सल्ला. हजारो साध्या शेतकऱ्यांची आडनावे 'स्की'ने संपतात. आणि आडनाव एक म्हणून भावकी एक, असेही नाही. 'नोवाक' म्हणजे गावात नवा आलेला. हे आडनाव लावणारी सुमारे दोन लाख माणसे आज पोलंडमध्ये आहेत. नवा माणूस कुठल्या गावात आला नाही?

एका नावाची अनेक गावे

गावाचे नाव कळले तरी काम संपत नाही. आपल्याकडे वडगाव किती, पिंपळगाव किती, याची गणती नाही. पोलंडमध्येही तसेच आहे. 'नोवा व्येश' म्हणजे नवे गाव. या नावाची गावे जागोजागी आहेत. म्हणून आपण तालुका विचारतो तसे तिथे जवळचे शहर आणि धर्मग्राम विचारावे लागते. धर्मग्राम म्हणजे एका चर्चखाली येणारी पाच-दहा गावे.

या कामी एक जुना ग्रंथ फार उपयोगी पडतो. १८८० ते १९०२ या काळात वॉर्सात एक मोठा भौगोलिक कोश पंधरा खंडांत निघाला. त्यात लहानसहान वाड्यांचीही माहिती आहे : घरे किती, माणसे किती, जमीन कशी, चर्च कुठले, जवळचे ठाणे किती दूर. जुन्या पोलंडचे हे गॅझेटिअरच. ज्याला गाव सापडले तो आधी यात पाहतो, कारण कोणत्या चर्चची वही मागायची ते इथे कळते.

चर्चची वही काय सांगते

ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागात १७८४ पासून आखलेल्या रकान्यांच्या वह्या होत्या, भाषा लॅटिन. त्यात एक रकाना घराच्या नंबराचा. हा नंबर म्हणजे शोधणाऱ्याला सोन्याची लगड. एकाच गावात एकाच नावाचे चार जण असले, तरी घर नंबर अठराचा कोण आणि चाळीसचा कोण हे वेगळे काढता येते. प्रशियाच्या भागात १ ऑक्टोबर १८७४ पासून सरकारी नोंदणी आली, भाषा जर्मन.

रशियाच्या ताब्यातल्या भागात रकाने नव्हते. तिथे प्रत्येक नोंद म्हणजे एक लहानशी गोष्टच. अमुक गावी अमुक दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अमुक नावाचा शेतकरी, वय इतके, दोन साक्षीदारांसह हजर झाला, त्याने आम्हांला एक मूल दाखवले, ते त्याच्या अमुक नावाच्या बायकोपासून झाले आहे असे सांगितले. आणि शेवटी बहुधा एक ओळ असे : ही नोंद वाचून दाखवली, पण हजर असलेल्यांना लिहिता येत नसल्याने आमचीच सही केली आहे. आधी हे पोलिश भाषेत लिहीत, १८६८ पासून रशियन भाषेची सक्ती झाली. रशियाचे पंचांग युरोपच्या इतर देशांहून मागे असल्याने एकाच जन्माच्या दोन तारखा लिहीत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात बारा दिवसांचे अंतर पडते.

या वह्यांत एक गोष्ट आपल्या वंशावळींत क्वचितच आढळेल. मुलाच्या नोंदीत आईचे नाव असते आणि तिचे माहेरचे आडनावही बहुधा असते. आपल्या वंशवृक्षात बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशा पुरुषांच्याच फांद्या निघतात. पोलंडच्या वहीवरून आईच्या आईचे घराणेही तेवढेच मागे नेता येते. खरे पाहता माहेरच्या आडनावामुळेच दोन सारख्या नावांच्या बापांत फरक कळतो. बाईचे नाव नोंदले नसते, तर निम्मी घराणी एकमेकांत मिसळून गेली असती.

बापाच्या नावापुढे त्याची स्थितीही लिहीत. 'क्म्येच' म्हणजे पुऱ्या जमिनीचा कुणबी. 'झाग्रोद्निक' म्हणजे घर आणि परसाएवढ्या तुकड्याचा धनी. 'कोमोर्निक' म्हणजे ना घर ना शेत, दुसऱ्याच्या घरात आसऱ्याला राहून मजुरी करणारा. आपल्याकडे जुन्या काळी मिरासदार आणि उपरी असा भेद होता, त्या जातीचाच हा भेद. तीन पिढ्यांच्या नोंदी ओळीने लावल्या, की आजा क्म्येच, बाप झाग्रोद्निक आणि मुलगा कोमोर्निक अशी उतरंड कित्येकदा दिसते. मग तो मुलगा बोटीत का बसला, हे कोणी सांगावे लागत नाही.

मृत्यूच्या वहीत लहान मुलांच्या नोंदी पानेच्या पाने लागतात. मूल गेले की पुढच्याला तेच नाव ठेवण्याची चाल होती. म्हणून एकाच आईबापांचे दोन-दोन यान सापडतात. घाईत पहिल्या यानलाच आपला पणजोबा समजले, तर पुढची सगळी वंशावळ चुकते. बाप्तिस्मा पाहिला की मृत्यूची वहीही पाहावी, हा या कामातला तिसरा नियम.

न पोचलेली पत्रे

वही सापडते ती नाव आणि तारीख देते. माणूस कळतो तो पत्रांतून. १९१८ ते १९२० या काळात थॉमस आणि झ्नान्येत्स्की या दोन विद्वानांनी पोलिश शेतकऱ्यांवर पाच खंडांचा ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः अशाच कौटुंबिक पत्रांच्या आधारे. पत्राच्या आरंभी ख्रिस्ताचा जयजयकार असे, आपल्या 'सा. न. वि. वि.' सारखा ठरावीक. मग सगळ्या आप्तांची खुशाली. आणि मग मूळ विषय : वाटणीत काय आले, बहिणीच्या लग्नाला किती पाठवतोस, म्हातारा कोणाकडे राहणार. वाचताना परक्या देशाची म्हणून वाटतच नाहीत.

पण सगळीच पत्रे पोचली नाहीत. १८९०-९१ मध्ये माणसे फार जाऊ लागली, तेव्हा रशियन सरकारने परदेशातून येणारी पत्रे टपालातच अडवली. बाहेरची बरी खबर गावात पोचली तर आणखी माणसे जातील, ही भीती. ब्राझील आणि अमेरिकेतून आलेली शेकडो पत्रे सेन्सॉरच्या कपाटात पडून राहिली. नवऱ्याने बायकोला लिहिले होते, आगबोटीच्या तिकिटाची व्यवस्था केली आहे, मुलांना घेऊन ये, वाटेत काय काय जपावे. त्या तिकिटाला 'शिफकार्ता' म्हणत. बायकोला वाटले असेल, धनी विसरला. तिकडे धन्याला वाटले असेल, हिला यायचे नाही. वितोल्द कुला या इतिहासकाराने आपल्या सहकाऱ्यांसह ही पत्रे १९७३ मध्ये पुस्तकरूपाने छापली. लिहिणारे आणि ज्यांना लिहिले ते, दोघेही तोवर या जगात नव्हते. वंशावळीत एखादी शाखा एकाएकी तुटलेली दिसते, तेव्हा त्यामागे असेही काही असू शकते.

गावासकट गेलेले लोक

काहींचा धागा मात्र तुटला नाही. सिलेसियातल्या प्वुझ्नित्सा व्येल्का या गावचे फादर लेओपोल्ड मोचिगेंबा हे टेक्सासमध्ये धर्मकार्य करीत होते. त्यांनी घरी पत्रे लिहून लोकांना बोलावले. १८५४ मध्ये त्यांचे भाऊ आणि आसपासच्या गावांतली कुटुंबे ब्रेमेनहून निघाली, गॅल्व्हेस्टनला उतरली आणि तिथून पुढचा मजल-दरमजलचा प्रवास करीत नाताळच्या आदल्या दिवशी मुक्कामी पोचली. त्या वस्तीचे नाव पान्ना मारिया, म्हणजे कुमारी मेरी. अमेरिकेतली ही सर्वांत जुनी टिकून राहिलेली पोलिश वस्ती मानतात.

पहिली वर्षे हालाची गेली. साप, हिवताप आणि १८५६-५७ चा दुष्काळ. लोक फादरवर इतके चिडले, की १८५६ मध्ये त्यांना ती वस्ती सोडावी लागली. ते १८९१ मध्ये वारले. पुढे १९७४ मध्ये त्यांच्या अस्थी सन्मानाने पान्ना मारियाला आणून पुन्हा पुरल्या. शिव्या देणाऱ्यांचीच पतवंडे त्या दिवशी जमली असणार. एका मुलखातली माणसे एकत्र आल्याने त्यांची सिलेसियन बोली तिथे दीडशे वर्षांहून अधिक टिकली. या घराण्यांना आपले गाव शोधावे लागत नाही, ते त्यांच्या बोलण्यातच आहे.

जिथे शाखा संपते

पोलंडमधून गेलेल्यांत ज्यू कुटुंबेही फार होती. त्यांची वंशावळ काढताना एका ठिकाणी हात थांबतो. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंडमधल्या सुमारे तीस लाख ज्यूंची हत्या केली. ज्या भावाने १९१० मध्ये बोट धरली त्याची पतवंडे आज आहेत. जो भाऊ गावात राहिला त्याच्या घरातली सारी नावे १९४२-४३ च्या आसपास थांबतात. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेत आप्तांनी अशा मृतांची माहिती एकेका पानावर भरून दिली आहे. कित्येकांचा जगात उरलेला लेखी पुरावा तेवढाच.

वळिवड्याची वाट

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथल्या काही पोलिश घराण्यांचा माग काढत गेले, तर वाट थेट आपल्या कोल्हापूरला येते. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना घराबाहेर काढून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवले. त्यांत शेतकरी कुटुंबे पुष्कळ. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चाल केली, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष पोलिश फौजेत भरती झाले. बायका-मुले इराणमार्गे वेगवेगळ्या देशांत गेली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ अशी त्यांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले. शाळा होती, चर्च होते, दवाखाना होता.

युद्ध संपले तरी त्यांना घरी जाता येईना. त्यांची गावेच सोव्हिएत हद्दीत गेली होती. ती आज युक्रेन, बेलारूस, लिथुएनिया या देशांत आहेत. छावणी मोडली तेव्हा बरेच जण इंग्लंडला गेले, फौजेतले नवरे आणि बाप तिथे होते म्हणून. बाकीचे दूरदूर पांगले. छावणीच्या जागेवर फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी राहिले, तेच आजचे गांधीनगर. गाव सुटलेल्यांच्या जागी गाव सुटलेलेच आले.

या घराण्यांचे कागद विखुरले आहेत. जुन्या चर्चच्या वह्या काही वॉर्सात, काही युक्रेनच्या ल्विव्ह शहरात. हद्दपार झालेल्यांच्या नावनिशीवार याद्या वॉर्सातल्या कार्टा या संस्थेने जमवल्या. छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे इंग्लंडमध्ये संघटना काढून आपल्या आठवणी गोळा केल्या. आणि जे परत जाऊ शकले नाहीत, त्यांची थडगी कोल्हापुरात आहेत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी कृतज्ञतेचा स्तंभही उभारला आहे. परदेशातून आलेली नातवंडे थडग्यावरचे नाव वहीत उतरवून घेतात. त्यांच्या वंशवृक्षात एका फांदीपुढे 'वळिवडे' असे लिहिले जाते.

आता काय सोय झाली आहे

अमेरिकेत १९७७ मध्ये आफ्रिकन गुलामांच्या वंशजाची कथा सांगणारी 'रूट्स' ही मालिका दूरदर्शनवर लागली आणि घराघरांत मुळांची चौकशी सुरू झाली. पुढच्याच वर्षी शिकागोत पोलिश वंशावळींचे मंडळ निघाले. युटा राज्यातल्या मॉर्मन पंथाच्या वंशावळ संस्थेने जगभरच्या चर्च-वह्यांची सूक्ष्मचित्रे घेऊन ठेवली होती, त्यांत पोलंडच्याही पुष्कळ आहेत. आता ती संगणकावर पाहता येतात. पोलंडच्या सरकारी दप्तरखान्यांनीही लाखो पाने फुकट खुली केली आहेत, आणि हौशी स्वयंसेवक रात्र रात्र जागून त्यांची नावनिशी तयार करतात. पोलंडमध्ये जन्माची नोंद शंभर वर्षांनी आणि लग्न-मृत्यूची ऐंशी वर्षांनी दप्तरखान्यात जाते. त्याआधी ती नोंदणी कचेरीत मागावी लागते.

थुंकीचा नमुना देऊन रक्ताचे नाते तपासण्याची सोयही झाली आहे. पण ती तपासणी भाऊबंद सांगते, गाव सांगत नाही. सापडलेल्या भाऊबंदाला शेवटी तोच प्रश्न विचारावा लागतो : "तुमचे गाव कोणते?"

बहुतेक घराणी अठराव्या शतकापर्यंत मागे जातात. त्यापलीकडे शेतकऱ्याला ठरावीक आडनाव नव्हते, आणि लढायांत वह्याही जळाल्या. पण सात-आठ पिढ्या काय थोड्या झाल्या? अंगठ्यापलीकडे ज्यांना काही लिहिता आले नाही, त्या नांगरधाऱ्यांची ही नावे आहेत.

या शोधात पडलेल्या माणसांची एक खंत सारखी कानी येते : आजी होती तेव्हा विचारले नाही. कागद नंतरही सापडतात, आजी सापडत नाही. आपल्या घरीही भिंतीवर जुने फोटो असतील आणि त्यांतली माणसे ओळखणारे एखादेच माणूस आता उरले असेल. सवड काढून त्याच्याजवळ बसावे. फोटो उतरवून मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहून ठेवावे. नाव लिहाल, वर्ष लिहाल. त्याखाली गाव आणि तालुका लिहायला विसरू नये, आणि बाईचा फोटो असेल तर तिचे माहेरही.